तीन शेवटांची कादंबरी

प्रयोगशील म्हणे! हा कादंबरीकार माझ्या भावाचा कॉलेजातला मित्र. भाऊ मासेमारीला गेला तो परतलाच नाही. होडी सापडली नाही, तोही सापडला नाही. त्यावर लिहायचं म्हणून हे महाशय आमच्या मालवणच्या घरी येऊन राहिले, आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं चापलं, तिला रडवून सगळं काढून घेतलं आणि पुण्याला पसार झाले.

पुस्तक आलं. गोष्ट कोण सांगतं, तर बुडालेली होडी. प्रकरणं उलटी. मध्येच कोरी पानं, ती वाचकाने मनातल्या मनात भरायची. आम्ही काय रिकामटेकडे? आणि शेवट तीन. एकात मुलगा बुडतो, दुसऱ्यात तो जन्मलेलाच नसतो, तिसऱ्यात तो गोव्यात बायकोपोरांसकट सुखात असतो. कुडाळच्या प्रकाशन समारंभात एक वक्ते या मोडतोडीवर तासभर बोलले. टाळ्या तर काय विचारता! माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

आईला मोतीबिंदू, म्हणून तिने मला वाचायला बसवलं. तिसऱ्या शेवटाला तिने माझा हात घट्ट धरला.

"माझो झील गोव्यात आसा? तेका कसा कळला? फोन लाव गो!"

कादंबरीकाराला लावला, स्पीकरवर.

"रे बाबा, माका इतक्याच सांग. ह्या तिनांतलो खरो खंयचो?"

तो हसला. "मावशी, ते वाचकाने ठरवायचं. तुम्हाला पटेल तो खरा."

मेल्या, आईला पोराचं मरण निवडायला सांगतोस? मी फोन हिसकावला आणि तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणाला, "तुला फॉर्मच कळला नाही." चुलीत घाल तुझा फॉर्म!

 आईने मात्र ठरवायचं ते ठरवलं होतं.

दरवर्षी जत्रेला ती देवळात नारळ देऊन गाऱ्हाणं घालायला लावते, झील घरी येऊ दे म्हणून. मानकरी देवाला मागणं सांगतो आणि गाव त्याला होकार देतो. यंदा तिने मानकऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो गोंधळला, त्याने माझ्याकडे बघितलं, मग खाकरून म्हणाला,

"बा देवा महाराजा, त्या पुस्तकातलो तिसरो शेवट खरो कर रे महाराजा!"

कोणी हसलं नाही.

"होय महाराजा!" गाव म्हणाला. मीही म्हटलं, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.