बाबांनी पाहिलेला सिनेमा

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिच्यासाठी आम्ही दोघं केशोरीला माझ्या माहेरी गेलो होतो. दुपारी बाबा टीव्हीवर हिंदीत डब केलेला एक परदेशी सिनेमा पाहत होते. त्यातल्या गोऱ्या म्हाताऱ्याच्या मुलीनं काळ्या मुलाशी लग्न केलेलं. म्हातारा जावयाला दारात उभं करत नाही. शेवटी आजारपणात तोच जावई त्याची सेवा करतो आणि म्हातारा त्याचा हात धरून माफी मागतो.

बाबांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. म्हणाले, "कातडीवरून माणसाले असं वागवते का कोणी?"

माझा नवरा तेव्हा बाहेर सपरीत, दारासमोरच्या पडवीत बसला होता. तो चिचगडचा, गोंड, शाळेत मास्तर. लग्नाला चार वर्षं झाली, तरी त्याला कोणी आत बोलावलेलं नव्हतं. आई त्याचं ताट बाहेर नेऊन देई आणि वेगळं घासून ठेवी.

"मंग ह्याले काऊन बाहेर बसवून राहिले, बाबा?"

"तो पिक्चर होय. मले ह्या गावात राहा लागते."

मी आईच्या हातातलं ताट घेतलं, बाबांच्या शेजारी मांडलं आणि नवऱ्याला हाक मारली. तो उंबऱ्याशी आला तसे बाबा उठले, चपला घालून वावराकडे निघून गेले.

"तुमच्या भांडणात माझा भात थंडा होते," नवरा म्हणाला. त्याला हसता येतं, याचाही मला राग येतो.

उन्हाळ्यात माझी सासू वारली. बाबा एकटेच बसनं चिचगडला आले. नवऱ्याजवळ सतरंजीवर बसून राहिले. पंगत बसली तेव्हा त्याच्याच शेजारी जेवले. भात दुसऱ्यांदा मागून घेतला. मी मूठभर जास्तच वाढला. वाटलं, सुटलो एकदाचे.

मी त्यांना थांब्यावर सोडायला गेले.

"जवाई चांगला माणूस होय," ते म्हणाले. मग बस दिसली, तसा त्यांनी आवाज खाली केला. "मी इथं जेवलो, ते केशोरीत सांगू नोको."

मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. घरी आले तर नवऱ्यानं विचारलं, "बाबा नीट गेले ना?"

"गेले," म्हटलं, आणि पंगतीची गंजं-पातेली अशी आपटत घासली की शेजारीण काय झालं म्हणून पाहायला आली.