आबांना ऊस बघायचा होता

सावेडीच्या बागेत एका बाकावर आम्ही तिघं म्हातारे रोज सकाळी बसतो. किस्से आम्ही गोळा करत नाही, लोकच घरपोच आणून देतात! मला अक्षर येत नाही; मी सांगतो, गुरुजी लिहून घेतात. गुरुजी म्हणजे रिटायर मास्तर. तिसरे आबा, श्रीगोंद्याकडचे. पोरानं फ्लॅटवर आणलंय. एकदा जाऊन आपला ऊस डोळ्यांनी बघायचा, एवढंच त्यांचं मागणं. पोरगा म्हणतो, "या वयात एकट्यानं? अजिबात नाही!"

*

मला ताप आला. डॉक्टरनं माझ्या मुलाला विचारलं, "आजोबांना भूक लागते का?"

मुलानं मला विचारलं, "दादा, भूक लागते का?"

मी मुलाला म्हटलं, "लागती म्हनावं."

इंजेक्शन मात्र थेट मलाच दिलं!

*

सूनबाई म्हणाली, "दादा, तुम्ही काही काम करू नका. नुसत्या कुकरच्या शिट्ट्या मोजा."

मी दोन मोजल्या. तिनं तीन ऐकल्या. तेही काम गेलं.

*

सोसायटीत ज्येष्ठांचा सत्कार होता. भाषणं दोन तास चालली. गुरुजी लघवीला उठले, तर माईकवरनं आवाज आला, "बसा गुरुजी, तुमच्याबद्दलच बोलतोय!"

गुरुजी म्हणाले, "बोला की. मी नसलो तरी चालेल."

*

आधारच्या मशीनवर आबांचा अंगठा उठेना. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत."

"उसात गेल्या, बाई. तिकडंच जाऊन बघावं म्हनतो, पन पोरगा सोडंना!"

*

आबा कुठं आहेत ते पोराला त्यांच्या मोबाईलवरनं कळतं. म्हणून एका सकाळी आबांनी मोबाईल आमच्याजवळ बाकावर ठेवला, आणि एसटीनं गेले शेतावर.

दुपारी फोन वाजला. पोराचाच! गुरुजींना खोटं बोलता येत नाही, म्हणून मी घेतला.

"काका, आबा आहेत का बागेत?"

"हायती की. झाडाखाली जरा आडवं झाल्यात."

"कुठल्या झाडाखाली?"

आता झाड कुठलं सांगावं! म्हटलं, "चिंचंच्या."

पोरगा म्हणाला, "बरोबर. मी शेतावरच आलोय, काका. इथं बांधापर्यंत घोरणं ऐकू येतंय."