ओओया-सानांची तोडेदार बंदूक

साऱ्या जपानात मोठ्यानं बोलणारा माणूस एकच असावा, आणि नेमका तोच आमचा घरमालक आहे. इथे घरमालकाला ओओया-सान म्हणतात. इचिकावातल्या आमच्या गल्लीत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ट्रेनमध्ये फोन वाजला तर माणसं शरमेनं अर्धी होतात अशा या देशात हे गृहस्थ सकाळी दार उघडून "ओहायो!" म्हणतात, तेव्हा समोरच्या तारेवरचे कावळे उडतात. वय ऐंशीच्या पुढे, अंगावर मांस म्हणावं तर नाहीच, आणि कचऱ्याच्या बाबतीत दयामाया शून्य. एकदा माझ्या पिशवीतून लोणच्याच्या बरणीचं झाकण शोधून काढून त्यांनी ते दोन्ही हातांनी, पदक द्यावं तसं, मला परत केलं. "ओकु-सान," ते गरजले, "झाकण धातूचं, बरणी काचेची. यांचं लग्न आता मोडलंय!" ओकु-सान म्हणजे बाईसाहेब. त्या दिवशी माझ्या घरात लोणचं असतं ही बातमी गल्लीभर झाली.

त्यांचे कान गेले ते बंदुकीनं. होय, बंदुकीनं. ज्या देशात सुरी जरा लांब असली तरी पोलीस विचारपूस करतात, तिथे आमच्या ओओया-सानांकडे रीतसर नोंदवलेली, त्यांच्या कुणा खापरपणजोबांची तोडेदार बंदूक आहे. वाणी, दंतवैद्य, निवृत्त मास्तर अशा समवयस्कांची त्यांची एक तुकडी आहे. वसंतातल्या उत्सवात एका जुन्या किल्ल्याच्या मैदानावर ही मंडळी चिलखतं चढवून उभी राहतात आणि बार काढतात. गोळी नसते, नुसती दारू. पण आवाज असा की पोटातला चहा हलावा. बंदुकीची बत्ती, म्हणजे तोडा, ओओया-सान स्वतः करतात: सुती दोर कसल्याशा क्षाराच्या पाण्यात उकळून परसात वाळत घालायचा. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला ती कपड्यांची दोरी वाटली. मी त्यावर चार टॉवेल आणि नवऱ्याचे सगळे शर्ट टाकले. ओओया-सान आले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "ओकु-सान, ओला तोडा घेऊन लढाईत गेलेल्यांची नावंसुद्धा उरलेली नाहीत." नवऱ्याच्या शर्टांना पुढे महिनाभर दिवाळीचा वास येत होता.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे मी एकदा विचारलं. त्यांचे वडील ब्रह्मदेशाच्या लढाईत गेले, तेव्हा हे आईच्या पोटात होते. दरवर्षी ते एकेक बार एकेका माणसाच्या नावानं काढतात. गल्लीतला कुणी लढाईवरून आलाच नाही, कुणी आला पण पुढे कधी हसला नाही, अशांची नावं त्यांना तोंडपाठ आहेत. शेवटचा बार वडिलांचा. "वडिलांची रायफल सरकार मला देणार नाही," ते म्हणाले, "म्हणून त्यांच्या पणजोबांची चालवतो. देवळात घंटा वाजवली असती, पण तिचा आवाज गावापुरता. ब्रह्मदेश लांब आहे."

गेल्या वर्षी साताऱ्याहून माझे बाबा आमच्याकडे राहायला आले. बाबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. दोघांना एकमेकांच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, पण दोघं पहाटे उठणारे, दोघं अंगण झाडणारे. तिसऱ्या दिवशी बाबा कुंपणावरून "काय मालक, चहा झाला का?" विचारू लागले आणि मालक तेवढ्याच मोठ्यानं जपानीत काहीतरी उत्तर देऊ लागले. एका रविवारी ओओया-सानांनी आम्हाला चहाला बोलावून बंदूक दाखवली. बाबा हरखून गेले. "अगं, ही तर आपलीच! हा तोडा, इथं रंजक, पेटवायची दारू, हा ठासायचा गज..." ओओया-सान प्रत्येक शब्द मागोमाग म्हणत होते. मग त्यांनी विचारलं, "यांच्या घरात आधीही कुणी सैनिक होतं का?"

"आमचे वडील होते की," बाबा म्हणाले. "ब्रह्मदेशात. जपान्यांशीच लढले."

हे जपानीत न सांगता मी चहाचे कप गोळा करू लागले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "सांग. फौजी माणसापासून ही गोष्ट लपवायची नसते."

मी सांगितलं. "बिरुमा?" ब्रह्मदेशाचं जपानी नाव, एवढंच ओओया-सान म्हणाले, तेही पुटपुटल्यासारखं. त्यांनी बंदूक पुसून गवसणीत घातली, वाकून नमस्कार केला, आणि आम्ही घरी आलो.

पुढचे काही दिवस गल्ली मुकी झाली. "ओहायो" नाही, कचऱ्याची तपासणी नाही. मी मुद्दाम एक झाकण बरणीवर तसंच ठेवून पाहिलं. कुणी ते आणून दिलं नाही. आता हे घर सोडावं लागणार, असं नवरा म्हणू लागला. ओओया-सानांच्या वडिलांचं मी बाबांना सांगितलं होतं. बाबा रोज कुंपणापाशी जाऊन परत यायचे. "माझे वडील परत आले, त्याचे नाही आले," ते म्हणाले. "रागावला तर रागावू दे. त्याचा हक्क आहे तो."

मग एका सकाळी दाराशी "ओकु-सान!" अशी आरोळी आली. ओओया-सान इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. ते आत आले, बाबांसमोर गुडघ्यांवर बसले आणि मला म्हणाले, "वडिलांच्या अस्थी म्हणून आईकडे सरकारनं एक लाकडी पेटी पाठवली होती. आत दगड होता. वडील कुठल्या मातीत पडले, तिथे पाऊस कसा असतो, हे सांगणारं आमच्या घरी कधी कुणी आलंच नाही. यांच्या वडिलांनी यांना काही सांगितलं असेल ना?"

बाबा दुपारपर्यंत बोलत होते. आजोबांनी सांगितलेले डोंगर, जळवा, पायातच कुजलेले बूट, दोन्हीकडची उपासमार. "आणि समोरच्या टेकडीवर धूर दिसला," बाबा म्हणाले, "की आमच्या वडिलांना बरं वाटायचं. आज त्यांच्याकडेही काहीतरी शिजतंय म्हणून. शत्रूचं चांगलं झालेलं बरं का वाटतं, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

"धूर दिसायचा?" ओओया-सानांनी मला पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा विचारलं. जाताना त्यांनी आजोबांचं नाव विचारून घेतलं. आजोबांचं नाव यशवंत. आठवडाभर आमच्या गल्लीत "याशुवान्तो! याशुवान्तो!" असा सराव चालला होता, आणि आजोबांचं नाव साताऱ्यात कधी दुमदुमलं नसेल तेवढं इचिकावात दुमदुमलं.

उत्सवाच्या दिवशी लख्ख ऊन होतं. चिलखतात ओओया-सान म्हणजे मोठ्या पातेल्यात ठेवलेला चमचा. शिरस्त्राण सारखं नाकावर उतरत होतं. पण बंदूक खांद्याला लागली तेव्हा हात जराही हलला नाही. शेवटचा बार दरवर्षीप्रमाणे वडिलांचा झाला. बाकीच्यांनी बंदुका खाली घेतल्या. ओओया-सानांनी मात्र सावकाश पुन्हा दारू ठासली, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं, आणि बार काढला. बाबा गर्दीत ताठ उभे होते, हात कपाळाला लावून. धूर विरला तरी तो हात खाली आला नव्हता.

नंतर आम्ही गवतावर बसलो. मी आणलेल्या गुळाच्या पोळ्या ओओया-सान चिलखतासकट खात होते. बाबा म्हणाले, "याला विचार, याचे वडील फौजेत जायच्या आधी काय करायचे?"

ओओया-सानांचा हात थांबला. वडील कसे मेले हे त्यांना पुष्कळांनी विचारलं असेल. हे बहुधा कुणी विचारलं नव्हतं. लाकडी खडावा करायचे, ते म्हणाले. आई सांगायची, शेजारच्या म्हातारीची डावी खडाव जास्त झिजायची, म्हणून वडील तिच्यासाठी डावी टाच मुद्दाम जाड ठेवायचे. आणि काम करताना गुणगुणायचे, अगदी बेसूर. बाबा हसले. "आमचेही तसेच. नांगर धरला की बैल कान पाडायचे." मी इकडचं तिकडे सांगत होते, तिकडचं इकडे. मैदानावर दुसऱ्या गावाच्या तुकडीनं बार काढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दोघांपैकी एकानंही वळून पाहिलं नाही.