मिस हॅरिएटच्या घराचं मागचं दार

मिस हॅरिएट गेल्याचं त्यांच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. ऐकून घेतलं, दोन शब्द बोलले आणि उरलेल्या घड्या घातल्या. त्याला आता दीड महिना झाला. रडू आलं नाही, थकवा मात्र आला. फार वर्षं चाललेलं भांडण संपलं की येतो, तसा...

आम्ही राहतो त्या हर्नडनपासून दोन तासांवर, नदीकाठी त्यांचं घर. व्हर्जिनियावर इंग्रज राजाचा अंमल होता तेव्हा तंबाखूच्या मळ्यांच्या पैशावर उभं राहिलेलं. त्या घराण्याचं आडनाव लावणाऱ्या मिस हॅरिएट शेवटच्या. वरच्या दोन खोल्यांत राहायच्या आणि शनिवारी खालचं घर लोकांना दाखवायच्या. घराण्यातल्या बायकांनी लिहिलेली पाककृतींची जुनी वही टाइप करायला त्यांना माणूस हवं होतं. मी नागपूरची, इतिहासात एम.ए., आमच्या घरात कॉलेजला गेलेली पहिली. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आलेली. जाहिरात वाचून फोन केला आणि काम मिळालं.

पहिल्याच दिवशी घोटाळा केला. गाडी लावली आणि पाय आपोआप घराला वळसा घालून मागं गेले. माझी आई चार घरी पोळ्या लाटायची. मोठ्या घरात मागच्या दारानं शिरायचं, हे तिच्या पदराला धरून चालतानाच अंगात मुरलं होतं, एम.ए. होऊनही गेलं नव्हतं. मिस हॅरिएटनी दार उघडलं आणि त्याच ओशाळल्या. "मिसेस ठोंबरे, आमच्याकडे पाहुणे पुढून येतात." मग हात धरून आत घेताना म्हणाल्या, "कडेनं पाय ठेवा. पायरी मधे खोलगट झालीय." त्यानंतर ते दार कुलूपबंदच पाहिलं.

त्यांची टूर दिवाणखान्यातल्या तसबिरींपासून सुरू व्हायची. कुठल्या पणजीनं लंडनहून रेशीम मागवलं, कुणाच्या हातच्या पीचच्या लोणच्याची गव्हर्नरनं तारीफ केली. वही टाइप करताना त्या लोणच्याशेजारी समासात मला बारीक अक्षर दिसलं : 'सुकी करते तसं.' सुकी हे कुणा बाईचं नाव. पुडिंगपाशी बेट्टी. हॅमपाशी पुन्हा सुकी. आडनावं नाहीत. या घराच्या मालकीच्या गुलाम बायका त्या. वही जेवणघरात मांडली, तेव्हा शेजारच्या कार्डावर मी ही नावं टाइप केली. मिस हॅरिएटनी कार्ड फाडलं नाही, नुसतं उलटं केलं. पुढच्या शनिवारी मी सुलटं केलं. दुपारी पुन्हा उलटं. तीन वर्षं हेच, आणि दोघी तोंडातून ब्र काढत नव्हतो.

एकदाच बोलणं झालं. लोक घर बघायला येतात, त्यांना दुखवायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "माझ्या आईच्या पोळ्या खाऊन पंगत मालकिणीचं कौतुक करायची. ती आत बसून ऐकायची. तिला दुखायचं." त्यांनी माझ्या कपात चहा ओतला. कार्ड उलटंच राहिलं.

बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या लोणच्याला चव नाही असं मी तोंडावर सांगितलं आणि लाल तिखट घालून बरणी नेली, तर घाम पुसत पुसत चार दिवसांत संपवली. आणि वर विचारलं, हे तुमच्या आईचं ना?

गेल्या फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, त्यांची नजर पार गेली. वही वाचून दाखवा म्हणाल्या. मी पीचचं लोणचं वाचलं, समासाकडे वळणार तोच त्या म्हणाल्या, "सुकी." पुढच्या पानावर, "बेट्टी." मी पानं उलटत गेले, त्या माझ्याआधी नाव घेत गेल्या. एकही चुकलं नाही. एका पानाच्या समासात काहीच नव्हतं, तिथंही त्या म्हणाल्या, "मिली."

"इथं लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"आजीनं सांगितलं होतं. कुणानंच लिहिलं नाही तिचं."

इतकी वर्षं पाठ होतं, मग माझं कार्ड का उलटं करत होता, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "आजी म्हणायची, हे घरातल्या घरात ठेवायचं. ठेवलं. आता दमले मी. तुम्ही लिहून घ्या."

मी मिली लिहून घेतलं. राग आला होता, तो अजून पुरता गेलेला नाही.

शनिवारच्या टूर तुम्हीच चालवा, असं भाच्यानं सांगितलं आणि किल्ल्यांचा जुडगा दिला. गेल्या शनिवारी सहाजण पुढच्या दाराशी थांबले होते. मी त्यांना वळसा घालून मागं नेलं. दार फुगलेलं, किल्ली फिरेना. तेवढ्यात एका आजीबाईंनी विचारलं, ही दगडी पायरी मधेच एवढी कशानं झिजली? अंगणापलीकडे वेगळ्या बांधलेल्या जुन्या स्वयंपाकघराकडे मी बोट दाखवलं. तिथून या दारापर्यंत, रोज, हातात गरम भांडी घेऊन...

"कडेनं पाय ठेवा," किल्ली एकदाची फिरल्यावर मी म्हटलं आणि सुकीपासून सुरुवात केली.