जाऊ का वो, धनी?

भागीआजी चालताना कधी समोर पाहत नसे. नजर पायाखाली आणि हातात एक काठी. वाटेत सुपारीएवढा खडा दिसला तरी ती थांबे, काठीच्या टोकाने तो बाजूला सारी आणि मगच पुढचे पाऊल टाकी. काटा असला तर वाकून उचले आणि लांब भिरकावी. पोलादपूरहून महाडला येणाऱ्या पायवाटेवर तिच्या मागे चालायची पाळी आली की भले भले वैतागत. पहिल्या दिवशी मीही वैतागलो.

मी तेव्हा महाडला एका वकिलांकडे कारकून होतो. घर पोलादपूरला, आई तिथे एकटी. शनिवारी काम आटोपले की चालत घरी जायचे आणि सोमवारी झुंजुमुंजू व्हायच्या आत निघून परत यायचे, हा माझा कित्येक वर्षांचा क्रम. सडक होती, तिच्यावर नुकती मोटारही धावू लागली होती. पण सडक वळणे घेत जाई आणि मोटार माणसांनी गच्च भरल्याशिवाय जागची हलत नसे. पायवाट बांधाबांधाने, वाडीच्या कडेने सरळ येई आणि महाड जवळ आले की सडकेला मिळे. चांगला तासभर वाचायचा.

"आजी, जरा बाजूला होता का? मला कोर्टाची वेळ गाठायची आहे," मी म्हणालो.

ती बाजूला झाली नाही. खडा सारून झाल्यावर तिने मान वर केली.

"कोर्ट काय पळून जातंय? मला सांग, पोटुशी बाईला आपले पाय दिसतात का रे?"

मी अविवाहित, पंचविशीचा. मला काय ठाऊक असणार?

"नाय दिसत. पोट आडवं येतं. मंग तिच्या पायाखालचं कुणी बघायचं?"

अशी आमची ओळख झाली. ती वाटेवरच्या वाडीची सुईण. आसपासच्या चार वाड्यांतली निम्मी माणसे तिच्या हातांवर जन्मलेली. मूल अडले, आडवे आले, की उगाच खटपट करत न बसता ती चार गडी बोलावून डोली बांधायला लावी आणि बाईला महाडच्या दवाखान्यात नेई. "माझ्या हाताला जेवढं कळतं तेवढंच मी करते," असे म्हणणारी सुईण मी दुसरी पाहिली नाही. डोलीच्या पुढे ती काठी टेकत चाले आणि गड्यांना सांगे, "इथं खड्डा हाय, सांभाळा. इथं मूळ हाय, पाय उचला." तिच्या लेखी वाट चांगली की वाईट हे ठरवायचे मोजमाप एकच: डोलीतली बाई हलता कामा नये.

डोलीतून आवाज येई, "आजी, किती राह्यलं?" आणि आजीचे उत्तर ठरलेले असे. "निम्मी झाली गो." वाडीची शेवटची झोपडी अजून दिसत असली तरी निम्मी झाली, आणि महाडची कौले दिसू लागली तरी निम्मीच झाली. मी एकदा तिला चिडवले, "आजी, मघाशीही निम्मीच झाली होती." ती म्हणाली, "आरंभाला खरं सांगितलं तर ती भिईल, आन् शेवटाला खरं सांगितलं तर अंग सैल सोडील. निम्मी बरी." एवढे एक खोटे ती राजरोस बोलत असे आणि त्याची तिला तिळभर लाज नव्हती.

वाडी सोडली की वाट खोतांच्या खळ्यातून जाई. डाव्या हाताला घर, उजवीकडे पेंढ्याची उडवी, मधून वाट. किती पिढ्या लोक तिथून जात होते कोण जाणे. खळ्याच्या कडेचा कातळ पायांनी गुळगुळीत झाला होता. पण तिथे आल्यावर कोणी मुकाट्याने जात नसे. थांबून पडवीकडे तोंड करून हाक द्यायची, "जाऊ का वो, धनी?" आतून म्हातारे खोत म्हणत, "जा गो," किंवा "जा रे." त्यांच्या तोंडात पान असले तर नुसताच हुंकार यायचा. मग पुढे व्हायचे. मला ही पद्धत आजीनेच लावली. पहिल्या खेपेला मी तसाच निघालो तर तिने काठी आडवी घातली. "चोर हायस का? तोंड नाय तुला?" तेव्हापासून मीही हाक देऊ लागलो. पुढे त्या हाकेचे काही वाटेनासे झाले. देवळात शिरताना माणूस वहाणा काढतो, तसेच ते.

म्हातारे खोत गेले. मुलगा पुण्याला शिकलेला, कायम तिकडेच राहणारा. त्याने खळे मोडून तिथे कलमी आंबे लावले आणि सभोवती छातीएवढा दगडी गडगा घालून वर करवंदीचे काटे रचले. वाडीची माणसे विचारायला गेली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आता सडक झाली, मोटार झाली. पायवाटा कशाला हव्यात?" माणूस उर्मट नव्हता. वाडीतून सडकेला लागायचे तरी वाट ह्याच खळ्यातून होती, एवढे मात्र त्याला कधी चालून पाहावे लागले नव्हते. खळे बंद म्हणजे वाडीला उरली ती मागची खिंड. उभा चढ, शेवाळलेला कातळ आणि पलीकडे ओढा. धडधाकट माणसाला खिंड अवघड नव्हती. आंधळ्याला, म्हाताऱ्याला, डोईवर भारा घेतलेल्या बाईला ती बंदच होती. डोलीचे तर नावच नको.

वाडीने दावा लावला आणि तो आमच्या वकीलसाहेबांकडे आला. मी खूश होतो. वहिवाटीचा हक्क म्हणजे काय हे मला पाठ होते: वर्षानुवर्षे, उघडपणे, बिनहरकत, आणि कोणाची परवानगी न घेता, आपल्या हक्काने वाट वापरली पाहिजे. पहिली साक्षीदार म्हणून भागीआजीचे नाव मीच सुचवले. तिच्यावर खोटेपणाचा आळ घ्यायला कोण धजणार होते? वकीलसाहेबांनी मला बजावले, "तिला नीट विचारून ठेव. लोक खोताची परवानगी घेत होते का? तिथेच सगळं अडेल."

मी विचारले नाही. मला विचारायची गरजच वाटली नाही. ज्या वाटेने मी स्वतः इतकी वर्षे जात होतो तिची परवानगी कोण घेत होते? मी बेधडक टिपणात लिहिले, "परवानगी कधीच नाही." आणि दर शनिवारी, दर सोमवारी पडवीकडे तोंड करून दिलेली माझीच हाक मला आठवली नाही. हे आज कोणाला पटणार नाही. मलाही पटत नाही.

आजी पिंजऱ्यात उभी राहिली ती नवे लुगडे नेसून. आमच्या प्रश्नांना तिने झकास उत्तरे दिली. तिच्या आजीची आजी ह्या वाटेने गेली होती, स्वतः तिच्याच हातांवर जन्मलेली अमकी आणि तमकी पुढे ह्याच वाटेने डोलीतून गेली होती. मग खोतांचे वकील उठले. गोड बोलणारे गृहस्थ.

"आजी, दुसऱ्याच्या खळ्यातून तुम्ही तशाच जात होतात? न विचारता?"

आजी ताठ झाली. "तशीच कशी जाईन? आमी काय चोर हाव?"

"मग काय करत होतात?"

"इचारायची. जाऊ का वो, धनी? त्यांनी जा म्हटलं की जायची."

"सगळेच विचारत?"

"सारी वाडी. ह्यो कारकून बसलाय ना, ह्यो पण."

कोर्टात हशा पिकला. मी मान खाली घातली. वकिलांनी शेवटचा प्रश्न विचारला, "आणि खोत नको म्हणाले असते तर?"

"येकदाच म्हनले. त्यांची आई गेली व्हती, खळ्यात मढं व्हतं. खिंडीनं जा म्हनले. आमी गेलाव. मानसाच्या दुःखातनं कसं जायचं?"

ती उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर समाधान होते. आपण खरे बोललो, नीट बोललो, वाडीची लाज राखली. वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि टिपणाचा कागद माझ्यासमोर ठेवला. संध्याकाळी ते म्हणाले, "ही हाक म्हणजे नुसती रीत आहे, परवानगी नव्हे, असं सांगणारा शिकलेला माणूस हवा. तू सांगितलं असतंस. पण तू माझा कारकून, तुझं कोण खरं धरणार?" ते ऐकून मला सुटल्यासारखे वाटले. भर कोर्टात उभे राहून "होय, मीही ओरडत होतो" असे सांगायची माझी छाती नव्हती.

निकाल कायद्याला धरून झाला. विचारून जात होते, एकदा नको म्हटल्यावर परत फिरले होते, तेव्हा वाट खोतांच्या मर्जीची, वाडीच्या हक्काची नव्हे. मी तो निकाल वाडीवर जाऊन वाचून दाखवला. आजीने पुन्हा पुन्हा एकच विचारले, "म्हंजे इचारलं हीच चूक?" मी म्हणालो, "कायद्यात तसं आहे, आजी." ती हसली. "मंग तुझा कायदा दांडगाच म्हनायचा. न इचारता घुसला त्याची वाट, इचारलं त्याला भिंत."

पुढच्या श्रावणात तिची नातसून सुंदरा अडली. नातू मुंबईला गिरणीत. आजीने हात लावून पाहिले, मूल आडवे होते. उजाडताच तिने डोली बांधायला लावली आणि भर पावसात ती डोली खिंडीकडे न नेता सरळ गडग्यापाशी नेली. गडी गडगा पाडायला निघाले होते. तिने त्यांना थांबवले आणि सवयीने हाक दिली, "जाऊ का वो, धनी?" धनी पुण्याला. बाहेर आला तो बागेचा राखणदार. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "माझ्या हातात काय नाय गो. कोर्टाचा मनाईचा कागद हाय. गडग्याला हात लावलात तर ही सारी तुरुंगात जातील." गड्यांनी उचललेले दगड खाली ठेवले. आजीने डोली फिरवायला सांगितले.

हे सगळे मला त्या गड्यांनी महाडच्या दवाखान्याच्या ओट्यावर सांगितले. दुपार उलटून गेली होती. मी कोर्टात चाललो होतो, डोली पाहिली आणि थांबलो. डोलीवर घोंगडी ओढलेली होती. ओढ्याला पूर आला होता, पाणी उतरायची वाट बघत सगळी अलीकडे बसून राहिली होती. तिथेच सुंदरा गेली, पोटातल्या मुलासकट. तरी पाणी उतरल्यावर आजीने डोली दवाखान्यापर्यंत आणायला लावली. "सारखी इचारीत व्हती, आजी किती राह्यलं, किती राह्यलं," एक गडी म्हणाला. "म्हातारी काय बोललीच नाय."

आजी ओट्याच्या कोपऱ्यात बसली होती. मी जवळ गेलो. तिने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा पावसाकडे पाहू लागली.

त्यानंतर तिने सुईणपण सोडले. वाटेवर दिसली तरी काठी नुसती टेकायला असे. खडे जिथल्या तिथे राहत. मी पुढे सडकेनेच जाऊ लागलो. मोटारीसाठी ताटकळायचो, पण त्या वाटेला जायचे टाळायचो. मला आजीची भीती वाटत होती, हे खरे.

शेवटची भेट झाली ती महाडजवळच्या सव गावी. आईच्या गुडघ्यांसाठी मी तिला गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेलो होतो. कडेला भागीआजी पाण्यात पाय सोडून बसली होती. पुतण्याने गाडीतून आणले होते. पाय सुजून खांबासारखे झाले होते. तिने मला ओळखले. हाताने खूण करून जवळ बसवले.

"कारकुना, खरं सांग. कोर्टात मी नाय इचारायची म्हटलं असतं, तर वाट राह्यली असती?"

मी वकिलाचा कारकून. मला उत्तर ठाऊक होते. मी म्हणालो, "तसं काही नाही, आजी. दावा तसाही पडलाच असता."

"खोटं बोलतोस. पन बरं बोलतोस." मग तिने पाण्यातला एक पाय दोन्ही हातांनी उचलून वर घेतला, मग दुसरा. "मला काय खोटं बोलता येत नव्हतं का रे? निम्मी झाली, निम्मी झाली, जनमभर बोलले. तू नुसतं सांगायचं व्हतंस, आजी, इथं पन तसंच बोल म्हनून."