माह्या छातीवर शिकलेले डॉक्टर

मेडिकल कॉलेजातून मी कधी रिकामा घरी नाही आलो. दरवेळी एक किस्सा संगं येतेच! बायको आता पिशवीकडं पाहतच नाही, तोंडाकडं पाहते. "आज कोनासंग भांडले?" एक सांगाले बसलो का दुसरा धक्का मारून पुढं येते.

*

सुरुवात अशी झाली. धाप लागे म्हनून तिरोड्याहून गोंदियाले दाखवाले गेलो. माह्या हृदयाचा एक वॉल, म्हंजे झडप, खराब आहे. डॉक्टरनं छातीले नळी लावली अन् त्याचा चेहराच फुलला! "या रे, सगळे या!" शिकनारे पोट्टे एकामागं एक ऐकून राहिले. मी भडकलो. "मयताले जमल्यासारखे काऊन जमले? मेलो का मी?"

"नाही काका, इतका सुंदर आवाज पुस्तकातच असतो!"

अनसूया, माही बायको, म्हने, "तुमच्यात कायतरी सुंदर आहे, हे सांगाले डॉक्टर लागला!"

*

तवापासून परीक्षा आली का मले बोलावनं. आम्हाले 'केस' म्हनतात. पलंगावर झोपाचं, पोट्टे तपासतात, मंग बाहेरगावचा साहेब येऊन त्यायले प्रश्न विचारते. केसनं फक्त तोंड बंद ठेवाचं. माह्यासारख्याले तेच जड!

बाजूच्या पलंगावर नागरा गावचा भोजराज. त्याची पोटातली तिल्ली, म्हंजे प्लीहा, सुजेल आहे. लय घमेंड! "माह्याजवळ पाह्य, कशी लाईन लागली! तुह्या छातीले कोन विचारते?"

"अबे, तुही तिल्ली आंधळ्यालेही सापडते! माह्या छातीले कान लागते!"

*

एक शहरातला पोट्टा मले विचारे, "काका, किती जिने चढल्यावर धाप लागते?"

"गावात जिना एकच, ग्रामपंचायतीचा. त्यालेही कुलूप."

"बरं, मग चालताना?"

"शेताच्या धुऱ्यावर का डांबरीवर? डोक्यावर भारा घेऊन का बिनाभाऱ्याचा?"

त्यानं पेन खाली ठेवला, परत उचलला अन् लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.'

*

दुसरा चालाख होता. परीक्षेआधीच मले गरम समोसे चारले. मी खाल्ले. मंग कानात म्हने, "काका, बिमारी काय आहे?"

"सांगाचं नसते. चाल निंग!"

तो भोजराजकडं गेला. भोजराजनं जळून सांगतलं, "त्याले? माह्यासारखीच तिल्ली!"

झालं! तो पोट्टा छाती सोडून माह्या पोटात तिल्ली शोधून राहिला. मले गुदगुल्या! साहेब आला. "काय सापडलं?"

मीच म्हनलं, "त्याचे समोसे!"

*

अन् मंग शर्वरी. पुण्याची पोरगी. सगळं येते, पन साहेबासमोर आवाजच निंगत नाही. एकदा तशीच नापास झाली. मले म्हने, "काका, यंदाही गेले तर मी डॉक्टरकी सोडते."

"सोडते कशी? माही छाती फुकट ऐकली का?"

तवा मी वार्डातच भरती होतो. रोज मले पलंगावर बसवून पाठ म्हने. ती कुजबुजे अन् मी वरडो, "जोरात! अजून जोरात!" वार्डाची सिस्टर धावत आली. "काकाजी, पढ़ाई इसकी है, गला आपका काऊन फट रहा है?"

*

परीक्षेच्या दिवशी तिच्या वाट्याले मीच आलो. साहेब जाडजूड, आवाज नगाऱ्याचा. "काय ऐकू आलं?"

शर्वरीचे ओठ हालून राहिले, आवाज नाही.

"बोला! हे जमत नसेल तर घरी जा!"

पोरीच्या डोळ्यांत पानी. माही सनकली! उठून बसलो. "ओ साहेब! पोरीवर कायले वरडता? तुमच्यासमोर माहाही वॉल बंद पडन!"

"पेशंटनं बोलायचं नाही!"

"बोलनार! छाती माही आहे!"

साहेब लाल, मी लाल. मले धाप लागली तरी मी थांबलो नाही. तेवढ्यात कोनतरी गरजलं, "चूप! दोघंही चूप!"

मले वाटलं सिस्टर आली. पाहतो तं शर्वरी!

"काका, टेकून बसा. एक शब्द नाही! सर, तुम्ही स्टुलावर बसा. पेशंटची धाप वाढलीये."

साहेब बसला! तिनं माह्या हाताले बीपीचा पट्टा बांधता बांधता वॉलची सगळी कुंडली मांडली. कुठं बिघडला, काऊन बिघडला, आता काय कराचं. अशी खणखणीत का पलीकडचा भोजराजही उठून ऐकून राहिला.

"काकांचं बीपी वाढलंय," ती म्हने. मंग तिनं साहेबाच्या लाल तोंडाकडं पाहिलं.

"सर, आता तुमचा हात द्या."

अन् साहेबानं गुपचूप शर्टाची बाही वर केली!