एकाच तारखेचा अर्ज

बिरू जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत पोती शिवतो. त्याची बायको रेणुका त्याच कंपनीत दाणे निवडते. बिरूच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली. ओलं कोकरू पोत्यानं पुसून मेंढीच्या तोंडाशी द्यायचं काम बिरू लहानपणापासून करायचा. अशा माणसानं स्वतःची पोरगी मात्र बाराव्या दिवशी पाहिली. रेणुका बाळंतपणाला माहेरी, वडीगोद्रीला गेल्ती, आणि याला सुट्टी न्हाई. पुढं पोर वर्षभर आजीकडंच वाढली. घरातले सगळे जावयाला पाव्हणे म्हणायचे, तेच ती शिकली. तृप्ती आता साडेतीन वर्षांची आहे. बापाला अजून पाव्हणेच म्हणते.

रेणुकाच्या दुसऱ्या खेपेला बिरू माझ्याकडं आला. “ताई, हे लेकरू जन्मल्याबरूबर हातात घ्यायचंय. बाकी काही न्हाई.”

मी कामगार संघटनेचं काम करते, पण सातवीच शिकलेली. कायदा मोर्चात आणि साहेबांच्या दारात बसून शिकले, आणि त्याची मला घमेंड आहे, खोटं कशाला बोलू. कंपनीच्या नियमात बापाला पंधरा दिवसांची पगारी रजा होती, पण आजवर कोणी मागितली नव्हती. आणि नवरा-बायको दोघांनी एकदम रजेवर जायचं म्हटल्यावर मॅनेजर हसला.

“दोघं घरी बसले तर पोती कोण शिवणार? तुम्ही?”

“शिवते की. सुई द्या.”

तीन चकरा मारल्या. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन त्याच्या केबिनच्या दारातच बसले. दुपारी तो कबूल झाला.

तिथंच, जिन्यावर बसून मी अर्ज लिहिला. रेणुकाच्या पायाला सूज आल्ती, उभं राहवत नव्हतं, म्हणून तिची रजा सोमवारपासून. त्याखालीच बिरूचं नाव, तारीख तीच. एकाला देतील अन् दुसऱ्याला टांग मारतील, हा माझा संशय. शिवाय एका कागदावर दोघांची नावं, जिल्ह्यात कोणी केलं नसेल असं, याची मला धुंदी चढल्ती.

बिरू म्हणाला, “ताई, मपली तारीख जरा मागं... तृप्ती आठ-दहा दिस उशिरा झाल्ती. मेंढीचंबी...”

“तू मधी बोलू नको. मेंढ्या तुला कळत्यात, कागद मला.”

 बिरू गप बसणाराच माणूस आहे. म्हणून तर माझ्याकडं आल्ता.

पंधरा दिवस तो वडीगोद्रीला राहिला. सासू गोपिकाबाई रोज टोमणा मारायची, “पाव्हणे, तुमचेबी पाय सुजले का?” त्यानं पाणी भरलं, तृप्तीचे फ्रॉक धुतले, रेणुकाचे पाय चेपले. दहाव्या दिवशी मला फोन केला, “ताई, अजून काही न्हाई.” मी म्हणाले, “होईल, धीर धर.” सोळाव्या दिवशी तो कामावर आला. मे महिना, बियाण्याचा सीझन, आठवड्याच्या सुट्ट्यासुद्धा बंद. एकोणिसाव्या दिवशी मुलगा झाला. बिरू तेव्हा पोतं शिवत होता.

मी मॅनेजरकडं गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणा साहेबापुढं आवाज खाली ठेवला. त्यानं अर्ज काढून माझ्याकडं फिरवला.

“अक्षर तुमचंच ना, ताई? तेव्हाच मनात आलं होतं, तारीख लवकरची वाटते. पण तुमच्याशी कोण वाद घालणार? आता भोगून झालेली रजा परत कशी देऊ?”

मी अर्ज त्याच्याकडं परत सरकवला.

बारशाला एका दिवसाची सुट्टी मिळाली. बिरूनं मलाही नेलं. मी म्हणाले, “बिरू, चूक माझी.” तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या ताई. तृप्ती तरी जवळ यायला लागली.” त्यानं हे माझ्यासाठी म्हटलं, हे मला कळलं.

रेणुका मात्र आत बोलली. “तुमी भांडल्या म्हणून सुट्टी भेटली, ताई. न्हाईतर कुणी दिली नसती. पर त्यांलाबी एकदा बोलू द्यायचं व्हतं. त्या दिशी मी आईला सारखं विचारू राह्यले, आले का, आले का.”

मग बाळ बिरूच्या हातात दिलं. बारा दिवसांचं, पुन्हा बारा दिवसांचंच. तृप्ती त्याच्या मांडीला टेकून उभी होती.

“पाव्हणे, त्याची मान धरा,” ती म्हणाली.

सगळे हसले. बिरूपण हसला. मान त्यानं आधीच बराबर धरली होती.

परवा आमच्या मेळाव्यात कोणीतरी माझं नाव घेऊन सांगितलं, याच ताईंनी जोडप्याला एकदम रजा मिळवून दिली. टाळ्या पडल्या. मी उठून खरं सांगायला पाहिजे होतं. बसून राहिले.